माहेरची दिवाळी, मॅचसकट

१९ ऑक्टोबर २०२५, रविवार

स्वारगेटवरनं सकाळी सहाची एसटी धरली. मी आणि माझी अकरा वर्षांची लेक, नवरा ऑफिसमुळं पाडव्याच्या आदल्या रात्री येणार होता. लेकीच्या अंगात निळी अठरा नंबरची जर्सी, म्हणजे स्मृती मानधनाची, आणि चार दिवस आधीपासनं एकच धोशा, आई तीनच्या आत पोचायचं म्हणजे पोचायचं, कारण तीनला इंदूरला बायकांच्या क्रिकेट वर्ल्डकपची इंग्लंडबरोबरची मॅच. एरवी पुणे-कोल्हापूर म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पाच-साडेपाच तासांत माणूस घरी जाऊन जेवून आडवा झालेला असतो. पण सध्या हायवेचं काम चाललंय, त्यात दिवाळीची गर्दी, साताऱ्याच्या पुढं गाडी जी मुंगीसारखी चालायला लागली ती कराडात थांबलीच.

पण एक बरं झालं. गाडी थांबली म्हणून लेकीला खाशाबा जाधवांची गोष्ट नीट, पहिल्यापासनं सांगता आली. त्यांचं गोळेश्वर तिथनं जवळच. लेकीला पुस्तकातली एक ओळ माहिती होती, १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी तिला सांगितलं की ते त्याआधी १९४८ ला लंडनला गेलेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केलेला, तिथं मॅटवर खेळायची सवय नसताना सहावे आले. मग हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. लेक म्हणाली, "म्हणजे सरांनी? आपल्या शाळेतल्या सरांसारख्या सरांनी?" म्हणलं हो, कॉलेजातल्या सरांनी. पुढच्या सीटवरचे एक आजोबा इतका वेळ गप्प ऐकत होते, ते वळून म्हणाले, परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली होती बघा, शंभरावर गाड्या होत्या. मग कराड ते किणी आजोबाच बोलले आणि आम्ही दोघी ऐकत बसलो.

किणीचा टोलनाका गेला की माझी जीभ आपोआप फिरते. पुण्यात 'मी येते, मी करते' म्हणणारी मी, आईचा फोन आला तर "आलोच, तावडे हॉटेलपाशी पोचतो धा मिनिटांत" म्हणून मोकळी. आमच्याकडं बायका असंच बोलतात, येतो, जातो, करतो. लेक दरवेळी माझ्या तोंडाकडं बघत राहते.

तीन वीसला घरात. आईनं पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "इंग्लंडची बॅटिंग हाय, पळ आत." ह्यासाठी मी आईची जन्मभर ऋणी आहे. घरातल्या बाईनं दारात थांबवून चौकशा न करता स्कोर सांगून आत सोडणं, हे सगळ्यांच्या नशिबात नसतं.

मॅच ४ रनांनी हरलो. स्मृती ८८ वर गेली आणि तिथनं हातातला सामना निसटत गेला तो निसटलाच. लेक उशीत तोंड घालून रडली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, काही बोलले नाहीत, आणि दहा मिनिटांनी तिला घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेले. तिथं म्हैस समोर उभी असते, धार आपल्यासमोर काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास तसाच हातात येतो. परत आली तेव्हा ओठावर पांढरी मिशी आणि तोंडात एकच वाक्य, अजून न्यूझीलंडची मॅच आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

पहाटे साडेचारला आईनं तेल चोळलं, उटणं, कारीट फोडलं, पहिली चकली तोंडात. उजाडल्यावर भाच्याचा किल्ला बघायला गच्चीवर.

भाचा पंधरा वर्षांचा. किल्ला पन्हाळा, तीन दरवाजा, अंधारबाव सगळं रीतसर. पण पायथ्याला, जिथं बाकीची पोरं शेतं आणि गावं करतात, तिथं ह्यानं शाहू स्टेडियम केलेलं. हळीव पेरून हिरवं ग्राऊंड, शीतपेयाच्या नळ्यांचे गोलपोस्ट, त्याला आजीच्या जुन्या केसांच्या जाळीचं नेट. पायऱ्या मातीच्या, बोटानं एकेक दाबून केलेल्या, आणि पायऱ्यांवर मोहरीचे दाणे, ते प्रेक्षक. म्हणाला, आत्या, हाऊसफुल्ल हाय, फायनल हाय. एका कोपऱ्यात काडीला कागदाचा निळा झेंडा, त्यावर पेननं गोलात काढलेल्या दहा चांदण्या. कुणाचा रे? तर केप व्हर्दे.

आता ही गोष्ट मला खरंच माहिती नव्हती. दहा बेटांचा देश, लोकसंख्या पाच-सव्वापाच लाख, आणि त्यांनी आठवड्याआधी, १३ तारखेला, एस्वातिनीला ३-० हरवून २०२६ च्या फुटबॉल वर्ल्डकपात जागा पटकावली. पहिल्यांदाच. भाचा म्हणाला, "आत्या, आपलं कोल्हापूर शहरच साडेपाच लाखाचं हाय २०११ च्या जनगणनेला, म्हणजे आपल्यापेक्षा बारका देश." आणि झेंडा जरा सरळ केला. एवढ्या लांबच्या बेटांवरच्या माणसांच्या आनंदात मंगळवार पेठेतल्या गच्चीवरचं एक पोरगं सामील झालंय, आणि त्याला ते अजिबात विशेष वाटत नाही. मला मात्र फार भरून आलं. वर्ल्डकप आला की इथं चौकाचौकात अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे आणि मेस्सी-नेमारचे कटआऊट लागतात ते सगळ्यांना माहितीय, पण दहा चांदण्या मोजून काढणारा आमचाच.

दुपारी दादाबरोबर गांधी मैदानावरनं चक्कर. दिवाळीत सीझन सुरू झालेला नसतो पण पोरं पळत असतात, आणि चहाच्या गाड्यावर चर्चा पूर्ण रंगात, कोण कुठल्या टीमकडनं रजिस्टर होणार, बाहेरचा कोण खेळाडू येणार, कुणाचा गुडघा बरा झाला. कोल्हापूरचं फुटबॉल बाहेरच्या माणसाला समजवायचं तर आधी नावांपासनं सुरू करावं लागतं. टीमची नावं बघा, पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. मुळात कुस्तीच्या तालमी, पेठेतल्या पोरांनी जमायची जागा, त्याच पोरांनी बॉल हातात, म्हणजे पायात घेतला आणि नाव तेच राहिलं. त्यामुळं इथं टीम निवडायची नसते, ज्या गल्लीत पाळणा हलला ती तुमची टीम. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासनं हा सगळा गाडा हाकतीय, आम्ही नुसतं केएसए म्हणतो.

मी नऊ वर्षांची असताना दादानं मला पहिल्यांदा शाहू स्टेडियमला नेलं होतं. तेव्हा तिथं मुली जवळजवळ नसायच्याच. त्यानं स्वतःचा शर्ट काढून माझ्या डोक्याला बांधला, ऊन लागू नये म्हणून, आणि स्वतः बनियनवर बसला. कितीला काय झालं ते आठवत नाही. गरम पायरीचा चटका, शेंगांची टरफलं, आणि गोल झाल्यावर अख्खी बाजू उठली तेव्हा मला काहीच दिसेना म्हणून त्यानं उचलून घेतलेलं, एवढं आठवतंय. आज मी जी काही खेळवेडी बाई आहे ती त्या दुपारपासनं. चहा पिताना हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तू त्या दिवशी माझं दोन रुपयाचं आईस्क्रीम पण खाल्लंस," आणि दुसऱ्या चहाचे पैसे दिले.

आमच्या घराची एक गंमत, वहिनींचं माहेर शिवाजी पेठ, म्हणजे त्या खंडोबाच्या. आम्ही मंगळवार पेठेतले, पाटाकडील. लग्नात हुंड्याबिंड्याचा विषयच नव्हता, पण वहिनींनी बोलणीच्या दिवशीच सांगितलेलं की मी टीम बदलणार नाही. बाबा म्हणाले बदलूही नये. तेव्हापासनं मॅचच्या दिवशी स्वयंपाकघरात दोन देश असतात आणि तांबडा रस्सा मात्र एकाच पातेल्यात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

सकाळी बाबा, मी आणि लेक खासबागेत. बाबा तरुणपणी गंगावेश तालमीत जायचे. मोठे पैलवान झाले नाहीत, जत्रेत नारळाच्या, फेट्याच्या कुस्त्या केल्या, पण कान अजून किंचित मुडपलेला आहे आणि चालताना खांदे तसेच.

शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेले, येताना रोमचं ते प्राचीन मैदान बघितलं, आणि आपल्या पैलवानांना असं पाहिजे म्हणून १९१२ ला हे कुस्त्यांचं मैदान उभं केलं. मधे हौदा, सगळ्या बाजूंनी वर चढत गेलेला उतार. मी लेकीला सगळ्यात वरच्या टोकाला पाठवलं आणि विचारलं आजोबांच्या हातात काय आहे? बाबांनी खिशातनं काहीतरी काढून मुठीत धरलेलं. ती वरनं ओरडली, "पेन! निळं पेन!" हीच त्या मैदानाची खुबी. तिकीट स्वस्त असो का महाग, शेवटच्या माणसाला पण डाव दिसला पाहिजे, कुणी कुणाच्या डोक्याआड येता कामा नये. आजकालच्या मोठमोठ्या स्टेडियममधे खांबामागं बसून मी मॅच बघितलीय, त्यामुळं मला ह्याची किंमत फार वाटते.

बाबा वाकले, हौद्याच्या कडेची माती चिमटीत घेतली, आधी कपाळाला लावली, मग बोटात चोळून लेकीला वास घ्यायला दिला. "ही नुसती माती नव्हं. ह्यात ताक, तेल, लिंबू, हळद, काव सगळं मुरवत्यात. पडलं तर लागू नये आणि खरचटलं तर चिघळू नये." लेकीनं वास घेतला, परत घेतला, म्हणाली लोणच्यासारखा येतोय. बाबा इतके हसले की त्यांना कठड्याला धरून उभं राहावं लागलं. मग हिंदकेसरी कसे झाले ते, १९५९ ला पहिला मान श्रीपती खंचनाळे यांचा, १९६० ला गणपतराव आंदळकर, दोघांची नावं घेताना बाबा कानाच्या पाळीला हात लावतात, गवय्ये गुरूचं नाव घेताना लावतात तसं. हलगी सुरू झाली आणि पैलवानानं शड्डू ठोकला की तो आवाज कुठपर्यंत जायचा ते दाखवायला त्यांनी मांडीवर एक थाप मारली. त्र्याहत्तर वर्षांची मांडी, पण आवाज घुमला.

शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा मी पुण्यात फोनवर व्हिडिओ बघत रडले होते. आता परत उभं राहतंय. बाबा थोडा वेळ तिकडं तोंड करून उभे राहिले, मग भेळ खाऊन घरी.

संध्याकाळी पूजा. त्या दिवशी भारताची मॅच नव्हती, हे अंबाबाईची कृपा, सगळे एकाच जागी, एकाच वेळी, टीव्ही बंद. रात्री अकराला नवरा आला.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

नवऱ्याला ओवाळलं, आणि लगेच त्याला घेऊन शनिवार पेठेत गवळी गल्लीत, म्हशी बघायला. तो नाशिकचा, लग्नाला चौदा वर्षं झाली पण पाडव्याला कोल्हापुरात असा पहिल्यांदाच. त्याला वाटलं म्हशींना ओवाळतात वगैरे असेल. तर समोरनं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल धडधडत आली आणि तिच्यामागं चारी पाय उधळत म्हैस. शिंगं रंगवलेली, शिंगांना मोरपिसांचे तुरे, पायात चांदीचे तोडे, अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेली, कातडी तेलानं अशी चमकत होती की आजूबाजूच्या दुकानांच्या माळा तिच्यात दिसत होत्या. दोरी नाही, वेसण ओढलेली नाही. मालक गाडीवरनं हाक मारतो आणि ती आपली त्याच्या आवाजामागं पळते. थांबला की थांबते. एकानं तर गाडीवरनं उतरून नुसता हात वर केला, म्हशीनं मान वर केली आणि लोकांनी शिट्ट्यांनी गल्ली डोक्यावर घेतली.

नवरा मला म्हणाला, हा खेळ आहे का सण? मला ह्याचं उत्तर देता आलं नाही. पुढं उभ्या असलेल्या एका मावशींनी दिलं, "वर्षभर ती आपल्याला पोसती, आज तिचा मान." मावशींची म्हैस अजून यायची होती, त्या पदराच्या टोकाला गुलाल बांधून थांबल्या होत्या. आम्ही पण थांबलो. आली तेव्हा मावशी आमच्या लेकीचा हात धरून पुढं गेल्या आणि पहिला गुलाल तिलाच लावायला दिला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

आख्ख्या वर्षात एक दिवस निवडायला सांगितला तर मी हा देईन.

मॅच तीनला, नवी मुंबईला, न्यूझीलंडबरोबर, जिंकलं तर सेमीफायनल. म्हणून ओवाळणी दोनलाच उरकली. पाटावर दादा, शेजारी भाचा, त्याला ओवाळायला माझी लेक. दादानं ताटात पाकीट टाकलं आणि वरनं एक पिशवी दिली, आत दोन जर्स्या, अठरा नंबरच्या, एक माझ्या मापाची. एक्केचाळीस वर्षांच्या बहिणीला भावानं जर्सी द्यावी, मी पैठणीनं पण एवढी हरखले नसते. साडीवरच घातली.

आमच्याकडं मॅच मोबाईलवरनं टीव्हीला जोडून बघतात, शेजारच्या काकांकडं केबल. त्यामुळं काकांचा टीव्ही आमच्यापेक्षा बऱ्यापैकी पुढं असतो. पूर्वी मला ह्याचा राग यायचा. आता बाबांना बीपी आहे, डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलंय, तर बाबा भिंतीला पाठ लावून बसतात, काका आनंदानं ओरडले की बाबा सैल होतात आणि मग आरामात चौकार बघतात. काका गप्प असले तर बाबा पाण्याचा तांब्या जवळ ओढतात. काकांना आम्ही हे कधी सांगितलं नव्हतं, ह्यावेळी फराळाचा डबा देताना सांगितलं, तर ते म्हणाले मग आता मी जास्त जोरानं ओरडतो.

आणि ओरडायला काय कमी होतं का! स्मृती आणि प्रतिका रावल, पहिल्या विकेटला २१२. स्मृती नव्वदीत गेली तसं घरात कुणी जागा बदलायची नाही असं ठरलं, वहिनी दारात एक पाय आत एक पाय बाहेर अशा, हातात करंज्यांचं ताट, तशाच उभ्या. मग भिंतीपलीकडनं काकांचा असा काही आवाज आला की बाबांनी डोळेच मिटून घेतले आणि हसले. आमच्या टीव्हीवर तर अजून बॉलर पळत यायची होती. सांगलीची पोरगी, म्हणजे इथनं पन्नास किलोमीटर, एरवी कोल्हापूर-सांगलीचं आमचं काय काय चालतं ते चालू दे, त्या मिनिटाला ती आमच्याच गल्लीतली होती. १०९ केले तिनं. प्रतिकानं १२२, जेमिमा नाबाद ७६.

मधे पाऊस आला आणि मॅच थांबली. बाबांना बोलायला तेवढाच वेळ पाहिजे होता. त्यांनी लेकीला भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितली, आमच्या कोल्हापूरचे, डिसेंबर १९४८, पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ रन कमी, आणि मधल्या सुट्टीत समोरच्या कप्तानानं खेळायलाच नकार दिला. सामना सोडून दिला. "आणि त्यांना टेस्ट किती मिळाल्या आजोबा?" एकपण नाही. लेकीचं तोंड बघण्यासारखं झालं. "मग ते चिडले नाहीत?" बाबा म्हणाले, मी त्यांना म्हातारपणी बघितलेलं, कोल्हापुरातच असायचे, चेहऱ्यावर चिडकेपणा नव्हता बघ. पाऊस थांबला. आम्ही ४९ ओव्हरांत ३ बाद ३४०, त्यांना ४४ ओव्हरांत ३२५ चं टार्गेट, २७१ पर्यंतच आले. ५३ रनांनी जिंकलो. सेमीफायनल.

खाली चौकात पोरांनी उरलेले सगळे फटाके एकदम लावले. एक पोरगा सारखं ओरडत होता, "नाद खुळा! नाद खुळा!" माझी लेक गॅलरीत उभी राहून दोन्ही हातांनी जर्सीवरचा अठरा नंबर पुढं ओढून अख्ख्या पेठेला दाखवत होती.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

अंबाबाईचं दर्शन, मिसळ, रंकाळ्यावर चक्कर. येताना दादानं मुद्दाम गाडी दुधाळीवरनं घातली, शूटिंग रेंज लेकीला बाहेरनं तरी दाखवायची म्हणून. ह्या जिल्ह्यानं तेजस्विनी सावंत दिली, २०१० ची वर्ल्ड चॅम्पियन, राही सरनोबत दिली, २०१८ च्या एशियाडचं सोनं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ४५१.४ आणि ब्राँझ. त्या दिवशी मी ऑफिसात होते आणि आख्खा फ्लोअर माझ्याकडं येऊन अभिनंदन करून गेला, जसं काही मीच नेम धरलेला. मी सगळी अभिनंदनं घेतली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आईनं दोन पिशव्या फराळ, एक पिशवी गूळ, वहिनींनी कांदा-लसूण मसाला. निघताना लेक आजीच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, येतो." मी शिकवलेलं नव्हतं. आईनं तिला परत एकदा जवळ ओढलं.

सिडनीची, पुरुषांची ऑस्ट्रेलियाबरोबरची वनडे मॅच चालू होती. नवऱ्यानं चहाला गाडी थांबवली तेव्हा धाब्यावर एका ड्रायव्हरच्या मोबाईलभोवती पंधरा-वीस माणसं, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. आधीच्या दोन मॅचमधे कोहलीला भोपळा फोडता आला नव्हता, इथं ७४ वर खेळत होता, समोर रोहित १२१. जिंकलो तेव्हा धाबेवाल्यानं मोबाईलवाल्या ड्रायव्हरचा चहा पैसे न घेता दिला.

पुण्यात शिरता शिरता दादाचा फोन. "पोचलीस का? ऐक, केएसएचं टाईमटेबल लागलं की कळवतो. पाटाकडीलची मॅच रविवारी पडली तर पोरीला घेऊन ये. शर्ट मी आणतो डोक्याला बांधायला."

"येतो," म्हणलं.